सोमवारी सांगायचा भाग

माय,

रविवारी शेवटचा भाग आहे. तुला मागचं काही माहीत नाही, म्हणून आधी बातमी सांगते आणि मग तपशील. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनं लावलेली ही सवय आहे. दहा भागांची एक मालिका आहे. दर रविवारी संध्याकाळी आठ वाजता तिचा एक भाग येतो. मी तो बघते आणि सोमवारी दुपारी, पेपरच्या कार्यालयात पानं लावायला जाण्याआधी, कोपऱ्यावरच्या काकीला फोन करून सगळा सांगते. मागच्या सोमवारी मी तिला खोटं सांगितलं. आज शुक्रवार. ते खोटं पुढच्या खऱ्या भागाला कसं जोडायचं हे मला सुचत नाही. ज्याला हे विचारावं असं एकच माणूस मला माहीत होतं, ते तू. तुला जाऊन बावीस वर्षं झाली.

काकी म्हणजे तुझ्यासोबत आपल्या अंगणात विड्या वळायला बसायची ती. तुम्हा पाच जणींतली आता ती एकटीच आहे. ऐंशीच्या पुढे गेली. कान शाबूत, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त शाबूत, पण काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. नातू आणि नातसून तिचं चांगलं करतात. अडीच महिन्यांपूर्वी मी गावाला गेले होते तेव्हा घरात टीव्ही चालू होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, काकी, ऐकत नाहीस का? "काय आयकू वं?" ती म्हणाली. "अर्धा घंटा नुसतं ढँढँ वाजते. कोणी बोलतच नाई. कोण कोणाकडे पाहून राहिला थे मले काय समजते? मारणारा चूप, मरणारा चूप, अन् मी आपली इथं चूप." मी हसले, पण परत येताना भंडाऱ्याजवळच्या शहापूरपर्यंत तेच डोक्यात होतं. रहस्याच्या मालिकेत खरंच कोणी बोलत नाही. दारामागची सावली, टेबलावरची अंगठी, एका बाईनं दुसरीकडे टाकलेली नजर, सगळं डोळ्यांचं काम. त्याच आठवड्यात ही मालिका सुरू होत होती. मी काकीला फोन करून म्हटलं, मी बघते आणि तुला सांगते. ती म्हणाली, "तू? तुले सांगता येते का?" हा टोमणा होता. कशावरून होता हे तुला माहीत आहे.

मालिका अशी आहे. एका धरणाजवळची सरकारी वसाहत. तिथल्या दवाखान्यातली नर्स एका संध्याकाळी कामावरून निघते आणि घरी पोचत नाही. नवरा म्हणतो ती पळून गेली, डॉक्टर म्हणतो ती त्या दिवशी आलीच नव्हती, आणि धरणावरचा एक निवृत्त इंजिनिअर काहीच म्हणत नाही, नुसता रोज संध्याकाळी पाण्याकडे बघत बसतो. नर्सची धाकटी बहीण फोटो स्टुडिओत काम करते. ती एकटी शोध घेत फिरते. काकी तिला पहिल्या भागापासून "आपली पोट्टी" म्हणते. मी तिचं मालिकेतलं नाव दोनदा सांगून पाहिलं, काकीनं ते घेतलं नाही. "आपली पोट्टी जेवली का?" असा प्रश्न ती मधेच विचारते. मालिकेत कोणी जेवत नाही, त्यामुळे मला दर वेळी पंचाईत होते.

मी या मालिकेत किती अडकले आहे हे घरात चेष्टेचं झालं आहे. तिसऱ्या भागात डॉक्टरच्या बोटात अंगठी होती, पाचव्यात नव्हती, हे बघायला मी पुन्हा मागे गेले आणि सोमवारची सकाळ त्यात घालवली. एका वहीत माणसांची यादी केली आहे. कोणी कोणाला काय सांगितलं आणि त्यातलं काय आपण स्वतः पाहिलं, काय नुसतं त्यांच्या तोंडून ऐकलं. ह्यांनी ती वही बघितली आणि विचारलं, "तुले पेपरातल्या बातम्या कमी पडल्या का?" दुसऱ्या भागात त्यांनी जाहीर केलं की डॉक्टरनंच केलं, आणि तेव्हापासून ते प्रत्येक भागाला "मी सांगतलं होतं ना" म्हणतात, काहीही घडलं तरी. माझा संशय नवऱ्यावर आहे. जो माणूस बायको हरवल्यावर तिच्या चपलांचा जोड आत उचलून ठेवतो, तो ती परत येणार नाही हे जाणून असतो. काकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाहीतं घरात कुत्रं असन." हे मला सुचलं नव्हतं. मी वहीत लिहून ठेवलं.

एक सांगायला हवं. सांगणं मला जमायला चार सोमवार लागले. पहिल्या सोमवारी माझा भाग सहा मिनिटांत संपला. आम्ही बातमीत जे महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत लिहितो, बाकीचं खाली, जागा कमी पडली तर खालून कापता यावं म्हणून. मी तसंच सांगितलं: नर्स बेपत्ता, नवऱ्यावर संशय, बहीण शोध घेते आहे. काकी म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, झालं. "पन्नास मिनिटं पाह्यलं अन् एवढंच दिसलं तुले?" मग हळूहळू मी सावकाश झाले. दवाखान्याचं दार कोणत्या रंगाचं, नर्सच्या डब्यात काय उरलं होतं, नवरा खोटं बोलताना हात कुठं ठेवतो. सातव्या भागाच्या वेळी मला जाणवलं की माझा आवाज बदलला आहे. "मंग काय झालं असन सांग बरं," असं मी मधेच थांबून काकीला विचारलं. ते माझं वाक्य नव्हतं. ते तुझं होतं.

आता ते अंगण. दुपारची वेळ आहे, जेवणं झाली आहेत. रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं मधे ठेवली आहेत, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कैची आणि पत्र्याचा तो चौकोनी साचा. पान साच्यावर ठेवायचं, कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. तू मान वर न करता हे करते आहेस आणि बोलते आहेस. बाबांची वरठीच्या कारखान्यात दुसरी पाळी असायची, म्हणून संध्याकाळी तू मोकळी. बाकीच्या चौघींना चुलीपुढून उठता यायचं नाही. मास्तरांच्या घरी गावातला एकच टीव्ही होता, आणि लाइन गेली तर मास्तर त्याला ट्रॅक्टरची बॅटरी लावायचे. दर बुधवारी तू तिथं जाऊन ती हिंदी मालिका बघून यायचीस, आणि गुरुवारी दुपारी आपलं अंगण भरायचं. तुझं माहेर एकोडीचं, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतली दंडार आणि नाटकं बघत तू वाढलेली. राजाचं पात्र आलं की तुझा आवाज जाड व्हायचा, हात मात्र विडीवरच. ज्या गुरुवारी गोष्ट रंगायची त्या दिवशी हजार विड्या लवकर व्हायच्या. हे मी स्वतः मोजलेलं आहे, कारण पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचं काम माझं होतं.

तेव्हा मी तेराची. भंडाऱ्याच्या शाळेत जायला लागलेली, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथंच मामाकडे राहायची. त्या आठवड्यात बुधवारी मी मामाकडे होते. गुरुवारी शेवटचा पेपर देऊन दुपारी घरी आले तर अंगणात गोष्ट मध्यावर आली होती. मालिकेतल्या म्हाताऱ्या जमीनदाराचा खून झाला होता, त्याच्या खोलीत कुलूप लावलेली पेटी सापडली होती, आणि मागच्या बुधवारपासून सगळ्या जणी त्या पेटीसाठी थांबल्या होत्या. तू पेटी उघडत होतीस. एक-एक वस्तू बाहेर काढत होतीस. आधी जरीचं लुगडं, घडीवरून पिवळं पडलेलं. मग लहान लेकराचं चांदीचं वाळं, एकच. मग एक पत्र, पण ते पाण्यानं पुसलेलं. काकी म्हणाली, "बापा! म्हणजे थ्याले लेकरू होतं?" तू म्हणालीस, "थे मी नाई सांगत. थ्याचा तुम्हीच इचार करा." मी दप्तर ठेवलं आणि म्हटलं, "पेटी खाली होती. मी पाह्यलं ना मामाकडे. त्यात काहीच नव्हतं."

कैच्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं की मास्तरीणबाई तर सकाळी सांगत होती, काल लाइनही गेली अन् बॅटरीही उतरली, चित्र आकसत आकसत टिकलीएवढं झालं अन् गेलं. तू मान वर केली नाहीस. हातातली विडी पूर्ण केलीस, दोरा बांधलास, सुपात ठेवलीस. मग म्हणालीस, "हिनं पाह्यलं हाय. आता हिलेच इचारा." त्यांनी विचारलं. मी तीन वाक्यांत सांगितलं. पेटी रिकामी निघाली, पोलिसांनी पुतण्याला पकडलं, पुढचं पुढच्या बुधवारी. "मंग?" एकीनं विचारलं. मंग काही नाही, मी म्हटलं. मग फक्त कैच्यांचा आवाज होता आणि पूर्ण दुपार पडलेली होती. त्या दिवशीचे कट्टे दिवे लागेपर्यंत झाले नाहीत.

तू मला रागावली नाहीस. संध्याकाळी चुलीपाशी लाखोरीची डाळ घोटता घोटता एवढंच म्हणालीस, "खरं सांगतलं थे चांगलं केलं. पण थ्या बायकायच्या चारशे विड्या बाकी होत्या." मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं तू विषय बदलते आहेस. नंतरच्या गुरुवारी बायका आल्या, पण तू काही सांगितलं नाहीस. "मले नाई आठवत बाप्पा," म्हणालीस. एकीनं रेडिओ आणला. बुधवारी तू मास्तरांकडे जाणं बंद केलंस, आणि पुढे आपल्याकडे टीव्ही आला तेव्हाही मालिका लागली की तू आत निघून जायचीस. तुझ्या तोंडून गोष्ट मी त्यानंतर कधी ऐकली नाही. आयुष्यभर मला वाटत राहिलं की बायकांसमोर तू खोटी ठरलीस आणि म्हणून तुझं तोंड बंद झालं, आणि ते मी केलं.

आता मागचा सोमवार. नवव्या भागात आपली पोट्टी एकटीच धरणाच्या पंपघरात उतरते. नर्सची पर्स तिथं आहे असा तिला निरोप आलेला असतो. ती आत जाते, मागे लोखंडी दार बंद होतं, कोणीतरी पाणी सोडतं. ते आधी तिच्या घोट्यापर्यंत येतं, मग कमरेपर्यंत. ती दार वाजवते. मग कॅमेरा तिला सोडून पाण्यावर तरंगणाऱ्या टॉर्चवर येतो, टॉर्च विझतो, भाग संपतो. मी वहीत लिहिलं: "मेली. दाखवलेलं नाही, पण मेली." आमच्या कामात अशा ठिकाणी आम्ही 'मृत्यू झाल्याची भीती' लिहितो. दुसऱ्या दिवशी फोन केला. काकी आदल्या शनिवारी नागपूरला डोळे दाखवून आली होती. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "डॉक्टर म्हणे आता याच्यात काही होत नाई. जो अंदुक उजेड दिसते थोही जाईन म्हणे. जाऊ दे. तू सांग, आपली पोट्टी काय करून राहिली?"

मी सुरुवात बरोबर केली. पंपघर, पायऱ्या, पर्स, दार. पाणी कमरेपर्यंत आणलं. आणि मग मला पुढे नेता आलं नाही. तिकडून काकीचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, वर एक झरोका होता. ती पाण्याबरोबर वर आली, झरोक्याची जाळी मोडली, बाहेर पडली. ओलीचिंब, पायरीवर बसली आहे, थरथरते आहे, पण जिवंत आहे. "हाव?" काकी म्हणाली. हो, मी म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाली. "जेवली का?"

तेव्हा आता माझा प्रश्न असा आहे. पेटीच्या आधीही तुझी बॅटरी उतरली असणारच. त्या दिवसांत लाइन आठवड्यातून दोन-तीनदा जायची. तेव्हा तू भरलेलं पुढच्या बुधवारच्या खऱ्या भागाला कसं सांधायचीस? मला एक प्रसंग अंधुक आठवतो. आदल्या गुरुवारी तू कोणाला तरी बंदूक लपवताना दाखवलं होतंस, आणि पुढच्या गुरुवारी सहज म्हणालीस, "थे कोणं सांगतलं होतं? नोकरानं. नोकर तं आधीपासूनच खोटा हाय." म्हणजे जे तुझं होतं ते तू गोष्टीतल्याच एखाद्या लबाड माणसाच्या पदरात टाकायचीस. ही चलाखी चांगली आहे, पण मला वापरता येत नाही. झरोका मी कोणाच्या तोंडी घातला नाही, स्वतःच सांगितला. शिवाय काकीची नातसूनही ही मालिका मोबाइलवर बघते, आपल्या वेळेनं, कधी रविवारी, कधी दोन दिवसांनी. नववा भाग तिनं अजून बघितला नसावा. तिनं स्वयंपाकघरातून "आजी, असं नाही झालं" एवढं म्हटलं की संपलं. ऐंशी वर्षांच्या आंधळ्या बाईला टीव्हीतलं खरं सांगणारं माणूस म्हणून मी एकच आहे. मीही खोटी निघाले तर तिनं कोणाचं ऐकायचं?

शेवटच्या भागात ती जिवंत निघेल अशी एक टक्काही आशा मला नाही, पण मी रविवारची वाट बघते आहे.

पुढचं सोमवारी संध्याकाळी लिहिते आहे. आज सुट्टी घेतली. काल ती मेलेली निघाली. पहिल्या पाच मिनिटांतच पंपघरातून तिला बाहेर काढतात, आणि उरलेला वेळ निवृत्त इंजिनिअर, जो नऊ भाग गप्प होता, तो बोलतो. नवऱ्यानंच केलं. ह्यांनी "मी सांगतलं होतं ना" म्हटलं. मला मालिका लिहिणाऱ्यांचा राग आला. नऊ आठवडे ज्या मुलीमागे फिरवलं तिला असं पाच मिनिटांत उरकायचं? मग सकाळी वही काढून बसले आणि मान्य करावं लागलं की त्यांनी कुठंही फसवलेलं नाही. पंपघराला झरोका नाही हे चौथ्या भागात स्पष्ट दाखवलं होतं. मीच ते विसरले होते. म्हणजे माझं खोटं नुसतं खोटं नव्हतं, ते कच्चंही होतं.

दोन वाजता फोन केला. नातसुनेनं उचलला, "आत्या, आजी सकाळपासून फोनची वाट पाहून राहिली," एवढंच म्हणून दिला. मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "थांब. आधी मले बोलू दे. नातसुनेनं सकाळी सांगतलं. आपली पोट्टी गेली. काल नाई गेली, मागच्याच खेपेला गेली."

"हो काकी."

"मंग तू मले निंघाली म्हणून काहून सांगतलं?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तुझ्या डोळ्यांचं ऐकलं आणि पुढे सांगवलं नाही.

"माह्या डोळ्याचा अन् थिच्या मरणाचा काय संबंध वं?" काकी म्हणाली. "मी आंधळी झाली, लहान लेकरू नाई झाली. आठ दिवस मी इचार करून राहिली, थे पोट्टी ओले कपडे घालून कुठं बसली असन, कोणं खायले देल्लं असन का नाई. रात्री झोप नाई. अन् थे तिथं पाण्यात मरून पडली होती. मले रडाचं होतं थ्या दिवशी, तू रडू नाई देल्लं."

 अठ्ठावीस वर्षांत वरिष्ठांची बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत, पण चूक इतकी नेमकी कोणी दाखवली नव्हती. काकी थांबायला तयार नव्हती. "तुही मायबी लावे. लुगडं लावे, वाळं लावे, कोणाचं भांडण लावे. आमाले तं अर्धं समजे का हे थिच्या मनचं हाय. पण मेलेल्याले थिनं कधी उठवलं नाई, अन् जित्त्याले मारलं नाई. म्हणे, थे आपलं काम नाई. मधलं तेवढं आपलं."

मी विचारलं, "काकी, त्या पेटीच्या दिवशी तुम्ही सगळ्या आईवर रागावल्या होत्या ना?"

"थिच्यावर कायले? तुह्यावर!" तिचा आवाज एकदम चढला, जणू कालचीच गोष्ट. "दोन बुकं शिकली अन् आली आमाले शिकवाले. चांगली पेटी उघडून राहिली होती थे. तुह्या मायले आमी किती म्हणलं, अवं सांग, पोरीचं काय आयकते. म्हणे, नाई, माह्या लेकीनं डोळ्यानं पाह्यलं हाय, आता मी वरून काय बोलू? थिच्या शब्दाले खोटं कसं पाडू?" मग खालच्या आवाजात: "अन् सांगतलं तेही कसं, तीन गोष्टीत. सारी दुपार खराब केली तू आमची."

मी काही म्हणणार तेवढ्यात तिनं विषय बंद केला. "हां. झालं ते झालं. आता सांग. मेली तं मेली, पण कशी सापडली, कोणं काढली, थो नवरा काय म्हणे, सारं सांग. घाई करू नको. आज तुले ऑफिस नाई ना?"

मी एक तास दहा मिनिटं सांगितलं. शेवट तिला माहीत होता, तरी ती तीनदा म्हणाली, "थांब, थांब, पुन्हा सांग." आपल्या पोट्टीला पायऱ्यांवरून वर आणतात तिथं काकी रडली आणि मी थांबले नाही. झरोक्याच्या जागी भिंत सांगितली. मधलं तेवढं मात्र मी थोडं माझं घातलं. इंजिनिअर बोलायला सुरुवात करण्याआधी चष्मा पुसतो, हे मालिकेत नाही. काकी म्हणाली, "चष्मा पुसला ना? मले वाटलंच." फोन ठेवताना ती म्हणाली, "आता दुसरी कोणती सुरू होते थे पाह्यजो."

हे मी डेस्कवर कोणाला दिलं असतं तर अर्धं कापलं गेलं असतं. ते कुठं जाणार नाही, म्हणून लांबू दिलं. पण जे मी काकीला एक तास दहा मिनिटांत सांगितलं नाही, ते इथं लिहून थांबते. त्या बुधवारी मामाकडे टीव्ही लावलाच नव्हता. मामीचं डोकं दुखत होतं. पेटी रिकामी निघाली हे मला गुरुवारी पेपर सुटल्यावर वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं, आणि तिनं तरी स्वतः पाहिलं होतं का, हे मी विचारलं नाही. घरी आले तेव्हा चौघीही तुझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं. तू ज्याच्यासाठी गोष्ट सोडलीस, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, माय.